तांग राजवंश आणि बौद्ध संघ : राजाश्रय व त्याची किंमत

भिक्खू ह्युएन-त्संग यांचे नाव आपल्याला शालेय पुस्तकांपासून परिचित आहे. नालंदा महाविहाराचे वैभव, सम्राट हर्षवर्धनाची दानशीलता आणि महाराष्ट्रातील लोकांचा बाणेदार स्वभाव यांविषयी लिहिताना आपण त्यांच्याच प्रवासवर्णनाचा आधार घेतो. परंतु ते ज्या देशातून आले तेथे त्या वेळी कोणाचे राज्य होते, ते कसे उभे राहिले आणि त्या राज्याने पुढे बौद्ध संघाशी कसा व्यवहार केला, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात चीनच्या तांग राजवंशाचा (इ. स. ६१८ ते ९०७) उदय, त्याची राज्यव्यवस्था आणि बौद्ध संघाशी असलेले त्याचे नाते यांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

या विषयाकडे वळताना दोन वर्षे ध्यानात ठेवावीत. इ. स. ६४५ मध्ये ह्युएन-त्संग भारतातून परतले, तेव्हा चांगआन या राजधानीत त्यांच्या स्वागतासाठी लोकांचा महासागर लोटला होता. बरोबर दोनशे वर्षांनी, इ. स. ८४५ मध्ये, त्याच राजवंशातील एका सम्राटाच्या आज्ञेने देशभरातील विहार पाडले गेले आणि दोन लक्ष साठ हजारांहून अधिक भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवावे लागले. एकाच राजवंशाच्या राज्यात हे दोन्ही कसे घडले? या प्रश्नाचे उत्तर केवळ एखाद्या सम्राटाच्या लहरीत सापडत नाही. ते त्या राज्याच्या घडणीत आणि संघाने स्वीकारलेल्या जीवनपद्धतीतही शोधावे लागते.

१. पूर्वपीठिका : सुई राजवंश

तिसऱ्या शतकाच्या आरंभी हान साम्राज्य लयाला गेल्यानंतर चीन देश दीर्घकाळ विभागलेला होता. उत्तरेत मध्य आशियातून आलेल्या टोळ्यांची राज्ये, तर दक्षिणेत चिनी राजघराणी अशी स्थिती होती. याच अशांत काळात बौद्ध धम्म चीनमध्ये खोलवर रुजला. त्याच काळात त्याला राजकोपही सोसावा लागला. उत्तर वेई राज्यात इ. स. ४४६ मध्ये आणि उत्तर चौ राज्यात इ. स. ५७४ पासून संघाचे दमन झाले.

इ. स. ५८१ मध्ये यांग च्येन या सेनानीने सुई राजवंशाची स्थापना केली आणि ५८९ मध्ये दक्षिण जिंकून देश एकछत्री केला. सम्राट वेन या नावाने तो ओळखला जातो. त्याचा जन्म एका विहारात झाला होता आणि बालपणी एका भिक्खुणीने त्याचे संगोपन केले होते. सम्राट अशोकाचा आदर्श पुढे ठेवून त्याने इ. स. ६०१ पासून प्रांतोप्रांती धातू पाठवून त्यांवर स्तूप उभारले. शतकानुशतके दुभंगलेल्या उत्तर-दक्षिणेला एकत्र बांधणारी, दोन्हीकडील प्रजेला मान्य असणारी अशी एकच शिकवण त्या वेळी उपलब्ध होती, ती म्हणजे बौद्ध धम्म. राज्यकर्त्याची श्रद्धा आणि त्याची गरज येथे एकत्र आलेली दिसतात. हे मिश्रण पुढे तांग काळातही कायम राहिले.

त्याचा पुत्र सम्राट यांग याने उत्तर व दक्षिण जोडणारा महाकालवा पूर्ण केला. या कामावर लक्षावधी शेतकऱ्यांना वेठीस धरण्यात आले. त्यातच ६१२, ६१३ आणि ६१४ अशा लागोपाठ तीन वर्षी त्याने कोरियातील कोगुर्यो राज्यावर स्वाऱ्या केल्या व त्या निष्फळ ठरल्या. वेठ, कर आणि युद्ध यांनी पिचलेली प्रजा जागोजाग बंड करून उठली. इ. स. ६१८ मध्ये सम्राटाच्या स्वतःच्या सैनिकांनीच त्याचा वध केला.

२. तांग राजवंशाचा उदय

या धामधुमीत उत्तरेतील ताइयुआन येथे ली युआन हा सुई राजवंशाचा सेनापती होता. त्याने इ. स. ६१७ मध्ये बंडाचे निशाण उभारले, त्याच वर्षी राजधानी जिंकली आणि ६१८ मध्ये स्वतःस सम्राट घोषित केले. त्याच्याकडील तांग या सरदारकीच्या नावावरून राजवंशाला तांग हे नाव पडले. इतिहासात तो काओत्सू या नावाने ओळखला जातो. परंतु राजधानी हाती आली म्हणजे देश हाती आला असे नव्हते. पुढील काही वर्षे प्रतिस्पर्ध्यांशी युद्धे चालू राहिली. त्यांत काओत्सूचा दुसरा पुत्र ली शिमिन याने निर्णायक पराक्रम केला. इ. स. ६२१ मध्ये त्याने लोयांग येथील प्रतिस्पर्ध्याचा आणि त्याच्या मदतीस आलेल्या सैन्याचा पाडाव केला.

याच युद्धातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लोयांगनजीकच्या शाओलिन विहारातील काही भिक्खूंनी ली शिमिनच्या बाजूने शस्त्र धरले. राजवंश स्थिर झाल्यावर या विहाराला चाळीस छिंग, म्हणजे चार हजार मू, जमीन आणि पाण्यावर चालणारी एक गिरणी देण्यात आली. तांग राजवंशाच्या जन्मकाळीच संघाला मिळालेली ही जमीन धम्मदेसनेसाठी मिळालेली नव्हती, तर युद्धातील साहाय्याबद्दल मिळालेली होती.

इ. स. ६२६ मध्ये ली शिमिनने राजवाड्याच्या उत्तरेकडील श्वानवू द्वारापाशी आपल्या दोन सख्ख्या भावांना ठार केले आणि लवकरच पित्याला सिंहासन सोडण्यास भाग पाडले. हाच सम्राट ताइत्सुंग (६२६ ते ६४९) होय. भ्रातृहत्येने सत्तेवर आलेला हा पुरुष चिनी इतिहासात आदर्श राज्यकर्ता म्हणून गौरविला जातो, कारण मंत्र्यांची कठोर टीका ऐकून घेण्याचा गुण त्याच्याकडे होता. पूर्वी शत्रुपक्षात असलेल्या वेई चंग या मंत्र्याने त्याला वारंवार तोंडावर सुनावले आणि सम्राटाने ते मान्य केले. युद्धांत दोन्ही बाजूंनी मारल्या गेलेल्या सैनिकांच्या पुण्यस्मरणार्थ त्याने रणभूमींवर विहार बांधविले.

तथापि तो बौद्ध होता असे म्हणता येणार नाही. तांग घराण्याचे कुलनाम ली हे होते आणि ताओ मताचा आद्य पुरुष लाओत्से याचेही कुलनाम परंपरेने तेच मानले जाते. या योगायोगाचा लाभ घेऊन राजघराण्याने लाओत्सेला आपला पूर्वज ठरविले. इ. स. ६३७ च्या आज्ञेने समारंभांत ताओ पुरोहितांना बौद्ध भिक्खूंच्या आधी स्थान देण्यात आले. राजघराण्यांना आपली सत्ता पवित्र ठरविण्यासाठी दैवी वंशावळ लागते, हे आपल्या देशाच्या इतिहासातही वेळोवेळी दिसून आलेले आहे.

३. राज्यव्यवस्था

तांग राज्याचे खरे सामर्थ्य त्याच्या प्रशासनात होते. मध्यवर्ती शासनाची तीन प्रमुख खाती होती. एक राजाज्ञेचा मसुदा तयार करी, दुसरे तो तपासून आक्षेप असल्यास परत पाठवी आणि तिसरे त्याची अंमलबजावणी करी. या तिसऱ्या खात्याच्या हाताखाली नेमणुका, महसूल, विधी, सैन्य, न्याय आणि बांधकाम अशी सहा मंत्रालये होती. इ. स. ६५३ मध्ये भाष्यासह प्रसिद्ध झालेली तांग दंडसंहिता पुढे जपान, कोरिया व व्हिएतनाम येथील कायद्यांचा आदर्श ठरली.

जमीनव्यवस्था हा या राज्याचा पाया होता. समान भूमिवाटप पद्धतीनुसार प्रत्येक सुदृढ प्रौढ पुरुषास १०० मू, म्हणजे अंदाजे १३ एकर, जमीन देण्याचा नियम होता. त्यांपैकी ८० मू त्याच्या पश्चात शासनाकडे परत जात आणि २० मू वारसाकडे राहत. त्याच्या बदल्यात तो ठरावीक धान्य व कापड कररूपाने देई आणि वर्षातून वीस दिवस शासनाचे काम करी. प्रत्यक्षात दाट वस्तीच्या भागांत इतकी जमीन मिळत नसे. तरीही जमीन काही मोजक्या घराण्यांच्या हाती साठू नये, हे तत्त्व कायद्याने मान्य केले होते.

अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी परीक्षापद्धती होती. जन्माने नव्हे तर विद्येने अधिकारपद मिळावे, ही कल्पना सातव्या शतकातील जगात असामान्य होती. ताइत्सुंगच्या काळात घराण्यांची अधिकृत क्रमवारी तयार झाली, तेव्हा छुई नावाच्या जुन्या कुळाला पहिले स्थान दिलेले पाहून सम्राटाने नापसंती व्यक्त केली आणि ती क्रमवारी बदलावयास लावली. तथापि या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. व्यापारी व कारागीर यांच्या मुलांना परीक्षेस बसता येत नसे आणि स्त्रियांना तर मुळीच स्थान नव्हते. आरंभीच्या काळात जुन्या सरदार घराण्यांचेच वर्चस्व राहिले. दंडसंहितेने प्रजेचे ‘सज्जन’ आणि ‘हीन’ असे दोन भाग केले होते. हीन वर्गात गुलाम व इतर परतंत्र लोक मोडत. एकाच अपराधासाठी गुलामाला अधिक आणि धन्याला कमी शिक्षा होई. मनुस्मृतीतील दंडविधान ज्यांनी अभ्यासिले आहे त्यांना यातील अन्याय समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

४. ह्युएन-त्संग आणि सम्राट

ताइत्सुंगच्या कारकिर्दीच्या आरंभी देशाबाहेर जाण्यास बंदी होती. ती मोडून ह्युएन-त्संग पश्चिमेकडे निघाले. नालंदा येथे त्यांनी स्थविर शीलभद्र यांच्यापाशी अध्ययन केले आणि इ. स. ६४१ च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याशी कठोर असतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. येथे सुमारे शंभर संघाराम व पाच हजार भिक्खू होते आणि त्यांत महायान व हीनयान अशा दोन्ही परंपरांचे अनुयायी होते, असे ते लिहितात. पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्यांनी केले आहे, ते सामान्यतः अजिंठा लेण्यांचे मानले जाते. हा विहार अचल नावाच्या अर्हताने निर्माण केला असे ते म्हणतात आणि अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील शिलालेखातही स्थविर अचल यांचा उल्लेख आहे.

इ. स. ६४५ मध्ये ते ६५७ ग्रंथ, धातू व बुद्धमूर्ती घेऊन परतले. सम्राटाने त्यांना क्षमा तर केलीच, शिवाय चीवर सोडून राज्यकारभारात येण्याचा आग्रह केला. ह्युएन-त्संग यांनी नकार दिला. तेव्हा कोरियावरील स्वारीत सोबत येण्याची सूचना झाली. भिक्खूने सैन्य व युद्ध पाहण्यास जाऊ नये, हा विनयाचा नियम पुढे करून त्यांनी तीही नाकारली. पाली विनयपिटकाच्या अभ्यासकांना हे नियम परिचित आहेत. पाचित्तियातील ४८, ४९ व ५० ही शिक्षापदे याच विषयाची आहेत. शाओलिनच्या भिक्खूंनी जे केले आणि ह्युएन-त्संग यांनी जे नाकारले, ते एकाच राजपुरुषाच्या संदर्भात होते, ही गोष्ट मननीय आहे.

त्यांनी सम्राटाकडून स्वतःसाठी काही मागितले नाही, मागितले ते अनुवादाच्या कार्यासाठी साहाय्य. त्यांच्या अनुवादमंडळात मूळ पाठ तपासणारे, अर्थ पडताळणारे, भाषा सुधारणारे आणि लेखनिक अशी कामांची काटेकोर विभागणी होती. इ. स. ६६४ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ७५ ग्रंथांचे १,३३५ खंड चिनी भाषेत आले होते. सर्वास्तिवादी अभिधर्माचा महाविभाषा हा प्रचंड ग्रंथ मूळ संस्कृतात नष्ट झाला आणि आज तो त्यांच्या २०० खंडांच्या अनुवादामुळेच संपूर्ण उपलब्ध आहे. तांगपूर्व काळातील अनुवादकांनीही असेच ऋण करून ठेवले आहे. पाली विनयाच्या समंतपासादिका या अट्ठकथेवर आधारित ग्रंथ इ. स. ४८९ मध्येच चिनी भाषेत आला होता. त्याचा इंग्रजी अनुवाद करण्याच्या कामी आपल्या पुण्याचे पाली पंडित प्रा. पु. वि. बापट यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह परिश्रम केले आणि तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला.

५. सम्राज्ञी वू

ताइत्सुंगच्या अंतःपुरात वू नावाची एक स्त्री होती. सम्राटाच्या निधनानंतर प्रथेप्रमाणे तिला भिक्खुणीविहारात पाठविण्यात आले. नवा सम्राट काओत्सुंग याने तिला परत आणले व इ. स. ६५५ मध्ये ती पट्टराणी झाली. पतीच्या आजारपणात राज्याची सूत्रे तिच्या हाती आली आणि ६९० मध्ये तिने तांग राजवंश बाजूला सारून चौ या नावाने स्वतःचा राजवंश घोषित केला. चीनच्या संपूर्ण इतिहासात सम्राटपद धारण करणारी ती एकमेव स्त्री होय.

कन्फ्युशियस मतात स्त्रीने राज्य करणे निसर्गविरुद्ध मानले जाई. म्हणून वू हिने बौद्ध ग्रंथांचा आधार घेतला. महामेघसूत्रात एका स्त्रीच्या राज्यपदाचे भाकीत आहे. त्याचा प्रचार करून प्रत्येक प्रांतात महामेघ विहार स्थापन करण्यात आले आणि ६९१ मध्ये बौद्ध भिक्खूंना ताओ पुरोहितांच्या आधी स्थान मिळाले. लोयांगजवळील लुंगमेन येथे सुमारे १७ मीटर उंचीची वैरोचन बुद्धमूर्ती ६७५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी वू हिने राणी असताना आपल्या प्रसाधनखर्चातून वीस हजार नाणेमाळा दिल्या होत्या. समुद्रमार्गे भारतात जाऊन नालंदा येथे अध्ययन केलेले इत्सिंग ६९५ मध्ये परतले, तेव्हा तिने त्यांचे स्वतः स्वागत केले. परीक्षापद्धतीचा विस्तार करून तिने जुन्या घराण्यांबाहेरील माणसांनाही संधी दिली.

तिने विरोधकांशी केलेली क्रूरता इतिहासाला नाकारता येत नाही. मात्र तिच्याविषयीचा बहुतेक वृत्तांत तिच्या विरोधी मताच्या पुरुष इतिहासकारांनी लिहिला आहे, हेही विसरता येत नाही. आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळाच आहे. सत्तेला समर्थन हवे होते आणि संघातील काहींनी ते दिले. एका सत्ताधीशाचे समर्थन करणारा संघ दुसऱ्या सत्ताधीशाच्या रोषास पात्र ठरतो. तिच्याच दरबारातील दी रनच्ये या मंत्र्याने इ. स. ७०० मध्ये प्रचंड बुद्धमूर्तीच्या खर्चास विरोध केला होता. प्रजेचे श्रम व धन विहारांच्या शोभेवर खर्ची पडत आहे, हा त्याचा आक्षेप निराधार नव्हता.

६. वैभव आणि त्याचे ओझे

इ. स. ७०५ मध्ये तांग राजवंश पुन्हा स्थापित झाला. श्वान-त्सुंग (७१२ ते ७५६) याच्या काळात साम्राज्य वैभवाच्या शिखरावर पोहोचले. चांगआन नगरीचे क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस किलोमीटर होते आणि तिच्या बाजारांत इराणी, तुर्क, भारतीय, कोरियन व जपानी लोक वावरत. ई-शिंग या भिक्खू-खगोलज्ञाने पृथ्वीच्या मोजमापासाठी वेधकार्य केले आणि नवे पंचांग तयार केले. इ. स. ७३० च्या ग्रंथसूचीत १,०७६ बौद्ध ग्रंथांची, ५,०४८ खंडांची, नोंद झाली. या कारकिर्दीत ५,३५८ नोंदणीकृत विहार, ७५,५२४ भिक्खू आणि ५०,५७६ भिक्खुणी होत्या. भिक्खुणींचे हे प्रमाण लक्षणीय आहे. चीनमधील भिक्खुणी उपसंपदेची परंपरा पाचव्या शतकात सिंहलद्वीपाहून आलेल्या भिक्खुणींच्या साहाय्याने प्रतिष्ठित झाली होती.

विहारांनी लोकोपयोगी कार्यही मोठे केले. ‘करुणाक्षेत्र’ या नावाने रुग्ण, अनाथ व निराधारांसाठी आश्रयस्थाने चालत. चांगआनमधील ह्वातु विहाराच्या ‘अक्षय कोशा’तून विहारांची दुरुस्ती, गरिबांना मदत व पूजासाहित्य यांसाठी धन दिले जाई. दुष्काळात गरजूंना तेथून कर्ज मिळे.

परंतु या वैभवाची दुसरी बाजू होती. भिक्खू व भिक्खुणी कर आणि वेठ यांतून मुक्त असत. त्यामुळे कर चुकविण्यासाठी चीवर घेणाऱ्यांची संख्या वाढली. आठव्या शतकाच्या आरंभी राजघराण्यातील स्त्रियांनी तीस हजार नाण्यांना उपसंपदेची प्रमाणपत्रे विकली. श्रीमंत घराणी आपली जमीन विहाराच्या नावे करून करमुक्ती मिळवू लागली. विहारांकडे शेती, गिरण्या, तेलघाणे आणि गुलाम जमा झाले. इ. स. ७१४ मध्ये याओ छुंग या मंत्र्याच्या सल्ल्याने बारा हजारांहून अधिक बनावट भिक्खूंना गृहस्थ करण्यात आले. हा पहिला इशारा होता.

७. बंड, दारिद्र्य आणि इ. स. ८४५

इ. स. ७५५ मध्ये आन लूशान या सीमेवरील सेनापतीने बंड केले. ७६३ पर्यंत चाललेल्या या युद्धाने साम्राज्याचे कंबरडे मोडले. ७५५ मध्ये नोंदणीकृत लोकसंख्या सुमारे ५ कोटी २९ लक्ष होती. ती ७६४ मध्ये १ कोटी ६९ लक्षांवर आली. याचा अर्थ इतकी माणसे मेली असा नव्हे. मृत्यूबरोबरच स्थलांतर आणि नोंदणीव्यवस्थेचा नाश ही त्याची कारणे होती. परंतु कर देणारी प्रजा शासनाच्या हातून निसटली, हे निश्चित. समान भूमिवाटप संपुष्टात आले. ७८० मध्ये मालमत्तेवर आधारित ‘दोन हंगामी कर’ लागू झाला. प्रांतांचे सेनापती स्वतंत्र वागू लागले आणि दरबारात नपुंसक सेवकांचे वर्चस्व वाढले. युद्धखर्चासाठी शासनानेच पुन्हा उपसंपदेची प्रमाणपत्रे विकली.

या संकटग्रस्त वातावरणात बौद्ध धम्म परकीय आहे हा जुना आक्षेप बळावला. इ. स. ८१९ मध्ये सम्राटाने फामन विहारातील बुद्धधातू राजवाड्यात आणविला, तेव्हा हान यू या कन्फ्युशियस मताच्या विद्वानाने त्याविरुद्ध कठोर निवेदन सादर केले. त्याला दूरच्या प्रांतात पाठविण्यात आले, पण त्याचे विचार मागे राहिले.

इ. स. ८४० मध्ये वू-त्सुंग सम्राट झाला. तो ताओ पुरोहितांच्या प्रभावाखाली होता आणि राज्याला धन, धातू व करदाते हवे होते. ८४२ पासून निर्बंध वाढत गेले आणि ८४५ मध्ये सर्वंकष आज्ञा निघाली. तीनुसार ४,६०० विहार व सुमारे ४०,००० लहान मंदिरे नष्ट करण्यात आली, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणी गृहस्थ झाले, विहारांचे १,५०,००० गुलाम करदात्यांच्या यादीत गेले, जमिनी सरकारजमा झाल्या आणि घंटा व मूर्ती वितळवून नाणी पाडण्यात आली. चांगआनमध्ये केवळ चार विहार राखले गेले. ह्युएन-त्संग यांनी जेथे अनुवाद केले तो त्सी-एन विहार त्यांपैकी एक होता. जपानी भिक्खू एन्निन या वेळी चीनमध्ये होते. त्यांच्या दैनंदिनीत या काळाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत आहे. उत्तरेतील काही प्रांताधिपतींनी आज्ञा पाळली नाही, असेही ते नोंदवितात.

या आज्ञेमागील द्वेष नाकारण्याचे कारण नाही. हजारो निरपराध साधकांचा तो छळ होता आणि गुलामांना करदाते करण्यामागे करुणा नव्हती. परंतु पालीच्या अभ्यासकाला येथे अंतर्मुख व्हावे लागते. शासनाने संघाकडून मुख्यतः तीन गोष्टी हिरावून घेतल्या : जमीन, दास-दासी आणि धातूधन. दीघनिकायातील चूळसीलात तथागतांच्या आचरणाचे जे वर्णन आहे, त्यात शेतजमीन, दास-दासी आणि सोने-रुपे यांचा स्वीकार न करणे स्पष्टपणे सांगितले आहे. दीघनिकायाशी समांतर असा दीर्घागम इ. स. ४१३ मध्येच चिनी भाषेत अनुवादित झालेला होता. म्हणजे चिनी संघाला ही शिकवण अज्ञात नव्हती. जे स्वीकारावयाचे नव्हते ते स्वीकारल्यामुळेच हिरावून घेण्यासारखे काही संघाकडे साठले होते.

८. काय नष्ट झाले आणि काय टिकले

वू-त्सुंग ८४६ मध्ये मरण पावला आणि त्याच्या वारसाने दमन थांबविले. तरीही सर्व संप्रदाय सारख्या प्रमाणात सावरले नाहीत. मोठी ग्रंथालये, विद्वानांची मंडळे आणि राजकोशातून मिळणारे अनुदान यांवर अवलंबून असलेल्या विद्यापरंपरा क्षीण झाल्या. ह्युएन-त्संग यांच्या योगाचार परंपरेतील महत्त्वाचे भाष्यग्रंथ पुढे चीनमध्ये दुर्मिळ झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यांग वेनह्वेई या गृहस्थ उपासकाने ते जपानमधून परत मिळविले.

याउलट ध्यान संप्रदाय आणि सुखावती संप्रदाय टिकले व वाढले. ध्यान संप्रदायाचे अनेक विहार राजधानीपासून दूर डोंगरांत होते. पाइचांग (७४९ ते ८१४) या आचार्यांनी भिक्खूंनी स्वतः शेतात श्रम करावेत अशी शिस्त घालून दिली, असे परंपरा सांगते. याच संप्रदायाचे सहावे आचार्य ह्वेईनंग हे लाकडे विकून उदरनिर्वाह करणारे निरक्षर दक्षिणवासी होते, असेही परंपरा मानते. त्या काळी दक्षिणेकडील लोकांना रानटी समजत. अशा मनुष्याला आचार्यपद मिळाल्याची कथा ज्या संप्रदायाने अभिमानाने जपली, त्याची मुळे लोकांमध्ये होती. सुखावती संप्रदायही गृहस्थ स्त्रीपुरुषांच्या घरात जिवंत राहिला.

आणखी एक साक्ष पाहावी. तुनह्वांग येथील गुहेतून १९०७ मध्ये बाहेर नेलेली वज्रच्छेदिका सूत्राची छापील प्रत आज लंडन येथे आहे. तिच्यावर इ. स. ८६८ ची तारीख आहे. तारीख नमूद असलेला हा जगातील सर्वांत जुना ज्ञात संपूर्ण छापील ग्रंथ मानला जातो. वांग च्ये नावाच्या गृहस्थाने आपल्या मातापित्यांच्या पुण्यार्थ, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी तो छापविला, असे त्यावर लिहिले आहे. मूर्ती वितळविल्या गेल्या त्यास तेवीस वर्षे झाली होती. ज्या ग्रंथावर ही साक्ष आहे तो एका सामान्य उपासकाच्या दानातून निर्माण झाला होता.

तांग राजवंश मात्र सावरला नाही. करभार आणि दुष्काळ यांतून ८७५ मध्ये ह्वांग छाओचे बंड पेटले व पुढे राजधानीही त्याच्या हाती पडली. ते ८८४ मध्ये शमले तोवर सम्राटाची सत्ता नाममात्र उरली होती. इ. स. ९०७ मध्ये चू वेन या सेनापतीने शेवटच्या बालसम्राटास पदच्युत केले. विहारांची लूट राज्याला वाचवू शकली नाही.

उपसंहार

राजाश्रय सर्वस्वी वाईट असे या इतिहासावरून म्हणता येणार नाही. ताइत्सुंगचे साहाय्य नसते तर ह्युएन-त्संग यांचे अनुवाद इतक्या प्रमाणात झाले नसते. परंतु साहाय्य घेणे आणि अवलंबून राहणे यांत अंतर आहे. नालंदेचा निर्वाह शंभर गावांच्या उत्पन्नावर होत असे, असे ह्युएन-त्संग यांच्या काळचे वर्णन आहे आणि इत्सिंग यांच्या वेळी ही संख्या दोनशेवर गेली होती. ती गावे राजाने दिलेली होती, म्हणून राजाबरोबर जाणारीही होती. भारतातील महाविहारांच्या अस्ताचा विचार करताना परकीय आक्रमणाबरोबर या परावलंबनाचाही विचार व्हावयास हवा.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खूविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित केला आहे. तथागतांना भिक्खूच्या रूपाने केवळ परिपूर्ण मनुष्य घडवावयाचा होता की समाजसेवक, हा तो प्रश्न. तांग काळाचा इतिहास या प्रश्नाच्या प्रकाशात वाचला म्हणजे त्याचे मोल कळते. ८४५ नंतर ‘करुणाक्षेत्रा’तील रुग्णांची सोय कोण पाहणार हा प्रश्न शासनापुढे उभा राहिला आणि त्यासाठी स्थानिक गृहस्थांची नेमणूक करून जमीन राखून ठेवावी लागली. विहार पाडणाऱ्या शासनालाही संघाच्या ज्या एका कार्याची उणीव भासली, ते कार्य सेवेचे होते. आज गावोगावी लोकांच्या अल्पस्वल्प दानातून विहार उभे राहत आहेत. त्यांच्या भिंती किती उंच असाव्यात याचा विचार करताना, त्यांच्या दाराशी कोण येते आणि त्याला तेथे काय मिळते, याचाही विचार आपण केला पाहिजे.